तनूची बाय

बायला हळू बोलता येत नसे. संध्याकाळी ऑफिसं सुटली की आम्ही सात-आठ जणी आपापली मुलं घ्यायला तिच्या दाराशी जमायचो, आणि बाय प्रत्येकीला तिच्या मुलाच्या पोटाची हकिगत अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. "तुजे पोराची शी आज दोनदा. पयली बरी, दुसरी पातल. जेवान अर्धा टाकला." समोरच्या दुकानात दूध घ्यायला आलेली माणसं वळून बघायची. बँकेत नोकरीला असलेली एक आई एकदा कळवळून म्हणाली, "बाय, जरा हळू बोला ना." बायने तिच्या कडेवर पोर ठेवत विचारलं, "लाजतेस काय गो? पोर तुजीच ना?"

नवी मुंबईत जुईनगरच्या एकसारख्या इमारती जिथे संपतात आणि जुनं गाव सुरू होतं, तिथल्या एका अरुंद गल्लीत तिचं घर होतं. नवरा खाडीत मासे धरायचा, तो लवकर गेला. मुलांनी नोकऱ्या धरून त्याच जागी चार मजले चढवले, वर भाडेकरू ठेवले, आणि तळमजल्याचा हॉल आईला दिला. तिथे ती पाळणाघर चालवायची. होडीतल्या नवऱ्याला काठावरून हाका मारून मारून आवाज असा झाला, असं ती सांगायची. सगळे तिला बाय म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. समोर अहो-जाहो करायचे, पण मनात ती पहिल्या आठवड्यातच 'ती' झाली होती.

तनू आठ महिन्यांची असताना मी तिला बायकडे ठेवायला लागले. माझी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकुनी, सुहासची तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्ट. दोघांचेही आईवडील साताऱ्याकडे, शेती सोडून येणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. सुरुवातीचे काही महिने चांगले गेले. मुलांना भरवणं हे बायचं खरं काम. खेळवणं, झोपवणं तिला दुय्यम वाटायचं. मांडी घालून बसायची, समोर चार ताटल्या, आणि पाखरांना घालावं तसं एकेका तोंडात घास. भरवताना डोळे मात्र मुलाच्या तोंडावर नसायचे, पोटावर असायचे. "तोंडाचं काय, त्ये नाटक करतंय," ती म्हणायची. "पोटाला नाटक जमत नाय."

तनूला वर्ष झालं आणि काहीतरी बिघडायला लागलं. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे. सतत किरकिर. आधी धरून चालायला लागलेली पोर पुन्हा बसून राहू लागली. जवळच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग दूध बदलायला सांगितलं, मग भूक वाढायचं टॉनिक. प्रत्येक औषधाने चार दिवस बरं वाटल्यासारखं व्हायचं, आणि पुन्हा तेच. माझ्या आईने गावाहून गव्हाचं सत्त्व पाठवलं. गहू भिजवून, वाटून, गाळून, उन्हात वाळवून केलेलं, घरचं. मी तो डबा बायला दिला आणि सांगितलं, दिवसातून दोनदा खीर करून द्या.

बाय द्यायची. पण महिन्याभराने एका संध्याकाळी तनूला माझ्याकडे देताना ती म्हणाली, "ही पोर खाते. मी भरवते, पोटान जातं. पन अंगाला लागत नाय. मोठे डॉक्टरला दाव."

मला राग आला. मी काय मुलीला डॉक्टरकडे नेत नव्हते? वजनकाट्यावर आकडा पुढे सरकत नव्हता आणि ही बाई सांगते की खाते. ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नसे. आवक-जावक रजिस्टरात एकच पत्र दोनदा नोंदवलं म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण सहज बोलली, "अगं, पाळणाघरात काय भरवतात आणि कुणाला भरवतात, आपण कुठे बघायला असतो?" ते वाक्य डोक्यात शिरलं ते निघेना.

एका दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी न सांगता बायच्या घरी गेले. तनू कोपऱ्यात झोपली होती. तिच्यासाठी घरून दिलेली निळी वाटी दुसऱ्या एका मुलीच्या हातात होती आणि ती मुलगी आतली उरलेली खीर बोटाने चाटत होती. दोन मुलांच्या आया न्यायला लवकर आल्या होत्या, दारात चपला घालत होत्या. मी त्यांच्यासमोर बायला म्हणाले, "माझ्या मुलीचं खाणं तुम्ही दुसऱ्या पोरांना घालता. म्हणून ती अशी झाली. चोरी आहे ही."

बाय, जिला हळू बोलता येत नव्हतं, ती काहीच बोलली नाही. आत गेली. तनूचे कपडे, दुपटं, सत्त्वाचा डबा, सगळं पिशवीत भरून आणलं. झोपलेली तनू उचलून माझ्या खांद्यावर ठेवली. मग म्हणाली, "घेऊन जा. पन मोठे डॉक्टरला आजच दाव."

मी आठवडाभराची रजा घेतली आणि ठरवलं, आता मी भरवते, बघूच वजन कसं वाढत नाही. सकाळी दुधात कुस्करलेली चपाती, दुपारी रव्याचा उपमा, दोन वेळा सत्त्वाची खीर, मध्ये बिस्किट. तनू खात होती. खरंच खात होती. एकही घास मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. आणि पाचव्या दिवशी ती इतकी गळून गेली की मान माझ्या खांद्यावर टाकली ती उचलेना. त्या सकाळी ओट्याशी उभी असताना मला कळलं की बाय खोटं बोलत नव्हती. सुहासला कामावर फोन केला आणि आम्ही मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो.

त्या डॉक्टरबाईंनी साधे प्रश्न विचारले. कधीपासून? शी दिवसातून किती वेळा? रंग कसा, वास कसा, तरंगते का? कशानंतर वाढतं? मी सुहासकडे बघितलं, सुहासने माझ्याकडे. वर्षभर मुलीचे दिवस दुसऱ्याच्या घरात गेले होते, आणि जी बाई रोज ओरडून हे सगळं सांगत होती तिच्याकडे आम्ही लाजून दुर्लक्ष केलं होतं. शेवटी मी तिथेच बायला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. तिने उचलला. मी एवढंच म्हणाले, "बाय, डॉक्टरांशी बोला," आणि फोन स्पीकरवर टाकला.

तिने सगळं सांगितलं. पहिला दात आला तेव्हा पोट कसं होतं, भात-पेज खायची तेव्हा कसं, चपाती सुरू केली तेव्हा कसं. "आनि ते सत्त्व आलं ना डॉक्टरबाय, तवापासून जास्त. मोठे डॉक्टरला दाव, मी हिला बोलली व्हती." डॉक्टरबाई लिहीत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "या मुलीच्या आजी का?" मी फोन पर्समध्ये टाकला. सुहास म्हणाला, "पाळणाघरवाल्या."

रक्ताची तपासणी झाली, आणि त्यावरून डॉक्टरांना शंका आली ती सिलिॲक नावाच्या आजाराची. गहू, रवा, मैदा, जव यांतलं एक द्रव्य मुलीच्या आतड्याला सोसत नाही. आतलं अस्तर झिजत जातं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. खात्रीसाठी दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासायचा होता, आणि त्याची तारीख आठ दिवसांनी होती. मी म्हणाले, मग आजपासून गहू बंद करते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. तपासणी होईपर्यंत चालू ठेवा. बंद केलं तर निदान चुकू शकतं."

ते आठ दिवस कसे काढले ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. चपातीचा घास करायचा, तो काय करणार आहे हे माहीत असायचं, आणि तनू तोंड उघडायची. मी घरभर फिरत राहायचे. गॅलरीत जायचे, परत यायचे, धुतलेलं भांडं पुन्हा धुवायचे. सुहास म्हणाला, "बस जरा." मी बसले की तो उठून फिरायला लागायचा.

निदान पक्कं झालं. औषध काही नाही. गहू आयुष्यभर बंद. कणसुद्धा नको. ज्या घरात तीन वेळा चपाती होते त्या घरात कण नको म्हणजे काय, ते हळूहळू उमगत गेलं. पोळपाट, लाटणं, तवा, चाळणी, सगळं बदललं. गिरणीतलं ज्वारीचं पीठ बंद, कारण त्याच जात्यात आधी गहू पडलेले असतात. वाण्याकडे मी पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहायचे आणि मागची माणसं खोळंबायची. सुहासने चपाती घरात आणणं सोडलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये खायचा आणि घरी येऊन आधी हात-तोंड धुवायचा. एकदा त्याच्या शर्टावर ब्रेडचा चुरा दिसला म्हणून मी त्याच्यावर इतकी ओरडले की तनू रडायला लागली.

वाढवून घेतलेली रजाही संपत आली. तीन पाळणाघरं पालथी घातली. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी हेच सांगितलं, एवढं आम्हाला नाही सांभाळता येणार. मग मी बायकडे गेले. दारातल्या पायरीवर बसून ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाय, माझं चुकलं. तुम्ही चोरी केली नव्हती." आजार काय आहे तेही सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. "तू मला चार मान्सांत चोर बोललीस. त्ये मी इसरनार नाय," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजे ते सत्त्व... मीच भरवत व्हती. दोन येला. पोर तोंड फिरवायची तरी भरवत व्हती." तिने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "माज्या हातानं गो."

"माझ्याही," मी म्हणाले. तो आठवडा मी तिला सांगितला. आम्ही दोघी त्या पायरीवर बसून रडलो, आणि मला आठवतं, बायच्या रडण्याला अजिबात आवाज नव्हता. मग तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मंग उद्या काय खाल ती?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायने दारात जमलेल्या आयांना जाहीर करून टाकलं की उद्यापासून या घरात गहू येणार नाही. बिस्किट नाही, चपातीचा रोल नाही, शेवया नाहीत. सगळ्या पोरांना ती सांगेल तेच. काहींना ते विचित्र वाटलं. एकीने विचारलं, "एका मुलीसाठी आमच्या मुलांनी का सोसायचं?" बाय म्हणाली, "सोसायचं काय त्यान? आमचे घरान गहू कवा व्हता? चपाती पावने आले तवाच. भात, तांदलाची भाकर, नाचनी, खाडीचा मावरा. आमी काय मेलो?" तरी तीन मुलं पाळणाघर सोडून गेली. बुडालेल्या पैशांवरून बायची सून कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलत नव्हती. मी बायला म्हटलं, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. ती म्हणाली, "तुजेमुलं नाय. पोरीमुलं. त्यान फरक हाय."

त्या घरात मग तांदळाचं राज्य सुरू झालं. आम्ही पीठ दळायची एक घरघंटी आणून तिच्या स्वयंपाकघरात ठेवली. तिच्यात तांदूळ, ज्वारी आणि नाचणीखेरीज काही घालायचं नाही. बाय सकाळी उकड काढून भाकऱ्या थापायची, मऊ, पांढऱ्या, कागदासारख्या पातळ. सुट्टीच्या दिवशी मला शिकवायला बसली. साताऱ्याच्या पोरीला ज्वारीची भाकरी येते, ही का नाही येणार, असं मला वाटलं होतं. माझ्या पहिल्या सहा भाकऱ्यांचे तुकडे झाले. "पानी उकलू दे आदी," ती म्हणायची. "तुला सगल्याची घाई." तनूला घाई नव्हती. भाकरीचा पापुद्रा सोलून तोंडात टाकायची आणि बायच्या मांडीवर रेलून बसायची.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन महिन्यांनी तनूचं पोट पुन्हा बिघडलं. गव्हाचा कण घरात नाही, मग कुठून? बायने सगळे डबे उपडे केले, स्वयंपाकघर धुऊन काढलं, मुलांच्या चपला बाहेर ठेवायला लावल्या. डॉक्टरांकडच्या आहारतज्ज्ञ बाईंना मी स्वयंपाकातली एकेक वस्तू वाचून दाखवली, तेव्हा सापडलं: फोडणीतला हिंग. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. बाय डबी हातात घेऊन बघत राहिली. "हिंगान गहू," ती म्हणाली. "कोनाला सांगशील तर हसल." आणि डबी कचऱ्यात टाकली.

मग एका संध्याकाळी मी पोचले तर बाय आत नव्हती, दारातच उभी होती. माझ्या आधी आलेल्या बायका तशाच थांबवलेल्या. सगळ्यांदेखत ती मला म्हणाली, "आज माजी चूक झाली. नव्या पोराच्या खिशान बिस्किट व्हता. तनूनं अर्धा खाल्ला. मी तोंडान बोट घालून काढला, पन थोरा गेला." ती हे लपवू शकली असती. मला कधीच कळलं नसतं. पोट बिघडलं असतं तर मी पुन्हा कुठला तरी डबा शोधत बसले असते. माझ्या ओठांवर शब्द आले होते, त्याच दारातले जुने शब्द. मी ते गिळले आणि विचारलं, "किती वाजता?" तिने वेळ सांगितली. पुढचे तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ फोन करत राहिली आणि मी तिला, तिच्याच पद्धतीने, सगळं सांगत राहिले. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, मोठ्याने. लाज कधी गेली ते कळलं नाही.

आधी तनूचे गाल भरले. मग केस दाट झाले. मग तिने चालायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात ती पळायला लागली. बायकडे वजनकाटा नव्हता. ती रोज संध्याकाळी तनूला काखेत धरून उचलायची आणि "आज भारी" किंवा "आज तशीच" असं सांगायची. डॉक्टरांच्या काट्याशी ते बहुतेक जुळायचं. एके दिवशी तिने तनूला उचललं, कमरेत कळ आली आणि तिला पटकन खाली ठेवावं लागलं. बायला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. कंबर धरून ती गल्लीभर सांगत सुटली की पोर आता उचलवत नाही.

पण ती कंबर पुढे सुधारली नाही. साखर वाढली, पायाला सूज यायला लागली. तनू साडेतीन वर्षांची झाली तेव्हा बायने पाळणाघर बंद केलं. ती उरणला लेकीकडे राहायला गेली. शेवटच्या दिवशी मी साडी घेऊन गेले होते. तिने ती घेतली, घडी मोडून बघितली, रंग बरा आहे म्हणाली. मग म्हणाली, "शालेन घालशील तेवा टीचरला नुसतं लिवून देऊ नको. जाऊन सांग. परत जाऊन सांग. तुला येडी बोलतील. बोलू दे." त्या दिवसाची माफी मला पुन्हा एकदा मागायची होती, पण तिने विषय येऊच दिला नाही.

उरणला आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी ती अंथरुणावर होती आणि तो मोठा आवाज बसला होता. जवळ वाकून ऐकावं लागत होतं. तनूच्या पोटावर हात ठेवून तिने मला विचारलं, "बरा हाय ना?" मी म्हटलं, बरं आहे, बाय. एकदम बरं आहे. त्यानंतर दीड महिन्यात ती गेली. लेकीचा फोन आला तेव्हा मी तनूचा डबा भरत होते. हात चालूच राहिले. डबा भरून झाल्यावर मग मी खाली बसले.

तनू आता मोठ्या शिशुवर्गात आहे. मी अजूनही निवांत नाही. ती घराबाहेर जेवत असेल त्या वेळात माझं कशातच लक्ष लागत नाही आणि आता लागेल अशी आशाही मी सोडली आहे. शाळेत जाऊन सांगितलं, परत जाऊन सांगितलं. मागच्या महिन्यात शाळेची सहल होती. दुपारभर मी टेबलावर फोन उलटा ठेवायचे, पुन्हा सुलटा करायचे. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गाच्या बाई स्वतःच माझ्याकडे आल्या. मी आधी तनूकडे बघितलं. पण त्या हसत होत्या. सहलीत कुणाच्या तरी पालकांनी सगळ्या मुलांना लाडू वाटले होते. तनूने हातात घेतला नाही. वाटणाऱ्या बाईंना विचारलं, "ह्यान काय हाय? गहू हाय का? माजे पोटान गहू चालत नाय." रव्याचा आहे म्हटल्यावर "नको" म्हणाली आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी काढून खात बसली.

"इतकी लहान आहे, पण किती ठाम," वर्गबाई म्हणाल्या. "आणि बोलते किती गोड. तुम्ही इथलेच का, मूळ गावातले?"

"नाही, आम्ही साताऱ्याकडचे," मी म्हणाले. "ते तिच्या बायचं बोलणं आहे."

"बाय म्हणजे आजी का?"

तनूने माझा हात धरला होता आणि घरी चल म्हणून ओढत होती. मी वर्गबाईंना हो म्हणाले.